तारांची चतुःसीमा

पुण्यातील एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या संगणकजाळ्याची देखभाल काही वर्षे माझ्याकडे होती. मुख्य इमारतीच्या जिन्याखालील खोलीत एक लोखंडी रॅक उभा असे. त्यात एकाखाली एक बसविलेले चोवीस-चोवीस तोंडांचे स्विच, आणि त्या तोंडांतून निघून छताकडे, भिंतीकडे, जमिनीखालच्या नळीकडे गेलेल्या निळ्या-करड्या केबलींचा असा गुंता, की त्यातील एखादी केबल हाती धरून तिचे दुसरे टोक शोधू लागावे तर अर्धा दिवस सहज निघून जाई. केबलींना चिकटविलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली होती, आणि जी थोडी अक्षरे लागत ती ‘लेखा विभाग, खिडकीजवळ’ अशा स्वरूपाची असत; लिहिली गेली तेव्हा ती खरी असतील, परंतु लेखा विभाग ती खोली सोडून वरच्या मजल्यावर गेल्यास तोवर पुष्कळ वर्षे लोटली होती. भिंतीवर एका पारदर्शक पाकिटात जाळ्याचा नकाशाही टांगलेला होता. पण त्यावर काढलेल्या स्विचांपैकी दोन केव्हाच भंगारात गेले होते, आणि रॅकमध्ये प्रत्यक्ष असलेल्या तिघांचा त्यावर पत्ता नव्हता. खरा नकाशा होता तो आमच्या वायरमनकाकांच्या डोक्यात. कोणतीही केबल दोन बोटांत धरून ते क्षणभर छताकडे पाहत आणि सांगत, "ही ग्रंथालयाच्या माळ्यावरून जाते, साहेब. मधे एक जोड आहे." ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले, त्यांच्या डोक्यातला नकाशा उतरवून घ्यावा, हे मात्र आम्हां कोणालाच सुचले नाही.

पुढल्याच पावसाळ्यात त्याची किंमत कळली. एके दुपारी सगळ्या इमारतीचे संगणक एकाएकी मुके झाले. रॅकसमोर जाऊन पाहतो तो, एरवी ज्या स्विचांचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकत असतात ते सर्व दिवे एकाच वेगाने, एकाच नाडीवर चालल्यासारखे फडफडत होते. या कामातली माणसे तो देखावा पाहताच म्हणतात, "लूप लागला." केबलींचे कुठेतरी बंद कडे तयार झाले, की सर्वांसाठी म्हणून निघालेला संदेश त्या कड्यात फिरत राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या नव्या प्रती निघत जातात, आणि काही क्षणांत खऱ्या कामाच्या संदेशाला शिरावयास जागा उरत नाही. असे होऊ नये म्हणून स्विचांमध्ये एक नियम असतो. तो आमच्या जुन्या स्विचांत बंद ठेवलेला होता. कडे कुठे आहे हे शोधण्याचा मार्ग एकच उरला: एकेक केबल काढावयाची, दिवे शांत होतात का पाहावयाचे, नाही झाले तर ती पुन्हा लावून पुढची काढावयाची. संध्याकाळी सातच्या सुमारास उलगडा झाला. एका खोलीत जमिनीवर लोळणारे केबलीचे टोक दिसले म्हणून कोणा टापटिपीच्या माणसाने ते भिंतीतल्या रिकाम्या खोबणीत बसविले होते, आणि त्याच केबलीचे दुसरे टोक शेजारच्या खोबणीत आधीपासून होते.

त्या रात्री घरी जाताना जो प्रश्न मनात आला तो पुढे अनेक वर्षे सुटला नाही: या यंत्रांमधून दिवसभर संदेशांची ये-जा चालते, तर आपण कोणाला जोडलेले आहोत हे त्यांचे त्यांनाच का सांगता येऊ नये?

संगणकजाळ्यांच्या प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्यात अवघी चार ठिकाणे होती, आणि चार वर्तुळे व त्यांना जोडणाऱ्या काही रेघा एवढ्यात त्याचा संपूर्ण नकाशा कागदाच्या एका तुकड्यावर मावत असे. आज एखाद्या मोठ्या विद्यापीठात, बँकेत किंवा रुग्णालयात शेकडो स्विच आणि हजारो यंत्रे असतात. ती एका वेळी, एका हाताने, एका आराखड्याप्रमाणे बसविलेली नसतात, तर जुन्या वाड्याला पिढ्यान् पिढ्या खोल्या जोडल्या जाव्यात तशी ती वाढत गेलेली असतात. अशा जाळ्याचा नकाशा माणसाने फिरून काढावयाचा म्हटले, तर शेवटची खोली गाठेपर्यंत पहिल्या खोलीतला नकाशा शिळा होतो.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नकाशा काढण्याचे एक साधन १९८८ पासून उपलब्ध आहे. ते व्हॅन जेकब्सन यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत असताना तयार केले आणि त्याचे नाव ‘ट्रेसरूट’. इंटरनेटवरील प्रत्येक संदेशावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि ज्याच्या हाती तो शून्य होतो तो राउटर संदेश टाकून देऊन पाठविणाऱ्यास तसे कळवितो. मग आकडा मुद्दाम एक ठेवून संदेश पाठवावा, पहिला राउटर बोलतो. दोन ठेवावा, दुसरा बोलतो. याप्रमाणे वाटेवरची नाकी एकामागून एक आपली ओळख देतात. युक्ती सुंदर आहे, परंतु तिला दिसतात ती फक्त नाकी. दोन नाक्यांच्या मधे, एकाच इमारतीत, दहा स्विच असतील तर त्यांपैकी एकही त्या आकड्याला हात लावीत नाही. त्यांना शास्त्रात ‘पारदर्शक’ असेच विशेषण आहे, आणि जे आरपार दिसते ते नकाशावर उमटत नाही. बिघाड मात्र बहुधा तिथेच होतो, जिन्याखालच्या खोलीत, माळ्यावरच्या जोडात.

मग या अबोल यंत्रांकडून माहिती कशी काढावयाची? आपल्याकडील नैयायिकांनी ज्ञानाची जी चार प्रमाणे सांगितली, त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन येथे जशीच्या तशी लागू पडतात. केबल हाती धरून तिच्या मागे चालत जाणे हे प्रत्यक्ष. उरलेली दोन यंत्रांवर सोपविता येतात, आणि त्यांतले अनुमान हे मला अधिक मनोहर वाटत आले आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो.

प्रत्येक संगणकाच्या जोडणीला कारखान्यातूनच अठ्ठेचाळीस बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. स्विचमध्ये एखाद्या तोंडातून संदेश आत आला, की स्विच त्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा पत्ता या तोंडाच्या बाजूस आहे’ अशी नोंद करून ठेवतो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आले, तर ते त्याच तोंडातून बाहेर सोडतो. पाच मिनिटे त्या पत्त्याकडून काही ऐकू आले नाही, तर सामान्यतः नोंद पुसली जाते. हे टिपण बाहेरून मागविण्याची सोयही आहे. १९८८ साली ‘एसएनएमपी’ नावाचा एक शिरस्ता ठरला. त्यानुसार प्रत्येक स्विच आपल्या दप्तरातील प्रत्येक नोंदीस टिंबांनी विभागलेला एक क्रमांक देतो, आणि अधिकृत मागणी आली म्हणजे ती नोंद वाचून दाखवितो. १.३.६.१.२.१.१७.४.३ हा क्रमांक विचारला, की आपले पत्त्यांचे टिपण तो ओळीने बाहेर काढतो.

परंतु हे टिपण म्हणजे नकाशा नव्हे. फाट्यावरचा दगड ‘या बाजूस सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर’ एवढे सांगतो. त्यावर अंतरे खोदलेली नसतील तर पहिले गाव कोणते आणि शेवटचे कोणते, हे त्या एका दगडावरून कळावयाचे नाही. स्विचला दिशा कळते, शेजार कळत नाही. शेजार कळावयाचा तर दोन फाट्यांवरचे दगड एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

समजा, एका इमारतीत तीन मजल्यांवर तीन स्विच आहेत. तळमजल्याच्या स्विचला लेखनिक आणि रोखपाल यांची यंत्रे जोडलेली आहेत, पहिल्या मजल्याच्या स्विचला ग्रंथपालांचे, दुसऱ्या मजल्याच्या स्विचला प्राचार्य व उपप्राचार्य यांची. तळमजल्याचा स्विच म्हणतो, माझ्या वरच्या तोंडाकडे ग्रंथपाल, प्राचार्य व उपप्राचार्य आहेत. पहिल्या मजल्याचा म्हणतो, माझ्या खालच्या तोंडाकडे लेखनिक व रोखपाल आहेत. या दोन याद्या एकत्र केल्या तर पाचही यंत्रे हिशेबात येतात आणि एकही नाव दोन्ही याद्यांत येत नाही. याचा अर्थ या दोन तोंडांच्या मधे कोणीही बसलेले नाही, ती एकमेकांना थेट जोडलेली आहेत. आता तळमजल्याच्या त्याच तोंडाची यादी दुसऱ्या मजल्याच्या खालच्या तोंडाशी ताडून पाहा. तो म्हणतो, माझ्या खाली लेखनिक, रोखपाल आणि ग्रंथपाल. ग्रंथपाल दोन्ही याद्यांत आले. वरचा त्यांना खाली पाहतो आणि खालचा त्यांना वर पाहतो, तेव्हा ते दोघांच्या मधे आहेत, आणि म्हणून या दोन स्विचांमधली जोडणी थेट नाही. कोणी जिना चढला नाही, एकाही केबलीला हात लागला नाही, आणि इमारतीची रचना कागदावर आली.

या विचाराला सिद्धान्ताचे काटेकोर रूप अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००० साली दिले. त्यांत यूरी ब्राइटबार्ट, मिनोस गारोफालाकिस, राजीव रस्तोगी यांच्याबरोबर आव्ही सिल्बरशॅट्झ हेही होते, ज्यांचे नाव ऑपरेटिंग सिस्टिमवरील पाठ्यपुस्तकामुळे आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यांच्या सिद्धान्ताची अट मात्र कडक होती: याद्या पूर्ण हव्यात. व्यवहारात त्या पूर्ण नसतात, कारण जे यंत्र पाच मिनिटे गप्प बसले ते विस्मृतीत जाते, आणि जे बोलते त्याचा आवाजही त्याच्या संदेशाच्या वाटेवर असलेल्या स्विचांनाच ऐकू जातो. पुढच्याच वर्षी ब्रूस लोवेकँप, डेव्हिड ओहॅलरन आणि थॉमस ग्रॉस यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. काय जोडलेले आहे हे सिद्ध करीत बसण्यापेक्षा काय जोडलेले असणे अशक्य आहे ते शोधा, असे त्यांचे म्हणणे. तळमजल्याच्या स्विचचे अमुक तोंड दुसऱ्या मजल्याच्या तमुक तोंडाच्या दिशेने आहे असे क्षणभर गृहीत धरा. मग या दोघांच्या पाठीमागे, म्हणजे उरलेल्या तोंडांकडे, असलेल्या यंत्रांत एकही नाव सामाईक निघता कामा नये, कारण एकच यंत्र दोन विरुद्ध दिशांना असू शकत नाही. एक नाव जरी सामाईक निघाले तरी ते गृहीत खोटे ठरले. अशा रीतीने खोटी गृहीते एकामागून एक बाद करीत गेल्यावर जी एक जोडी शिल्लक राहते तीच खरी, आणि एवढ्यासाठी कित्येकदा दोन स्विचांकडे केवळ तीन यंत्रांच्या सामाईक नोंदी असल्या तरी भागते. विस्कळीत, अपुऱ्या जबान्यांतून केवळ विसंगतीच्या आधारे सत्य गाठण्याची ही रीत पहिल्यांदा समजली तेव्हा, रॅकसमोर केबली उपटण्यात घालविलेली ती दुपार मला आठवली आणि मन भरून आले.

अनुमानाने जे साधते ते शब्दाने अधिक सरळपणे साधते, मात्र बोलणारा विश्वासार्ह असला तर. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे: पूर्वेस अमुक यांची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस सरकारी रस्ता. एका खतातून एका तुकड्याचे शेजारी कळतात, पण साऱ्या गावची खते एकमेकांस जोडली तर गावचा नकाशा उभा राहतो. २००५ साली ‘आयईईई’ या संस्थेने जी प्रमाणपद्धती मुक्रर केली, जिला या क्षेत्रात ‘एलएलडीपी’ म्हणतात, ती तंतोतंत अशीच आहे. तिच्या सुमारे एक दशक आधी ‘सिस्को’ या कंपनीने आपल्या यंत्रांपुरती अशी पद्धत काढली होती. एलएलडीपीनुसार प्रत्येक स्विच आपल्या प्रत्येक तोंडातून साधारण दर तीस सेकंदांनी एक छोटासा संदेश सोडतो: मी अमुक, हे माझे अमुक क्रमांकाचे तोंड. तो संदेश अशा खास पत्त्यावर जातो, की पहिल्या शेजाऱ्याने तो वाचून ठेवावा, पुढे पाठवू नये. शेजारी ती नोंद दोन मिनिटे जपतो. तेवढ्यात पुन्हा हाक आली नाही तर शेजारी निघून गेला असे समजतो. नकाशा काढणारा कार्यक्रम मग कोणत्याही एका स्विचपासून आरंभ करतो, त्याला त्याचे शेजारी विचारतो, शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी विचारतो, आणि नवे नाव येईनासे झाले म्हणजे थांबतो. दोघांच्या खतांचा मेळ बसत नसेल, एक म्हणतो तू माझा शेजारी आणि दुसरा नाही म्हणतो, तर तिथे मोजणीला माणूस पाठवावा लागतो. असे घडतेही, कारण काही स्वस्त स्विच तो संदेश स्वतःपाशी न ठेवता सरळ पुढे ढकलतात, आणि मग ज्यांच्यामध्ये तिसरा उभा आहे ते दोघे एकमेकांना बांधाला बांध लागलेले शेजारी समजतात. ज्या यंत्राला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याच्या बाबतीत शब्दप्रमाण लंगडे पडते, आणि पुन्हा अनुमानाकडेच वळावे लागते: एकाच तोंडाकडे सहा यंत्रे दिसत असतील आणि तिथे कोणी स्विच आपले नाव सांगत नसेल, तर धुरावरून अग्नी ओळखावा तसे, मधे एक मुका स्विच आहे असे समजावयाचे.

उलट, काही गोष्टी अशा आहेत की त्या शब्दालाच कळतात, अनुमानाला कळत नाहीत. आमच्या संस्थेत लूप टाळणारा जो नियम बंद होता असे वर म्हटले, तो १९८५ साली राडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधून काढला. एक केबल तुटली तर दुसरी असावी म्हणून शहाणी माणसे मुद्दाम जादा केबली टाकून ठेवतात. पण जादा केबल म्हणजे कडे, आणि कडे म्हणजे अनर्थ. पर्लमन यांच्या रीतीप्रमाणे सारे स्विच आपसांत बोलून एकास मूळ मानतात, त्या मुळापासून फांद्यांप्रमाणे पसरणाऱ्या केबली जागत्या ठेवतात आणि उरलेल्यांना निजवितात. जागती केबल तुटली की निजलेली उठते. निजलेल्या केबलीतून कामाचे संदेश जात नसल्याने स्विचच्या पत्त्यांच्या टिपणात ती कधीच येत नाही, परंतु शेजारधर्माची ती छोटी हाक तिच्यातूनही जाते, आणि म्हणून चतुःसीमेच्या नकाशात ती दिसते. ज्या केबलीवर उद्याच्या संकटात सगळी भिस्त, ती नकाशावर असणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको.

या झाडालाही मर्यादा असते. नेहमीच्या कालमर्यादा तशाच ठेवल्या, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक स्विच वाटेत नसावेत, अशी शिफारस आहे. बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयाचे जाळे तुकड्यातुकड्याने वाढता वाढता ही मर्यादा ओलांडून गेले होते. २००२ च्या नोव्हेंबरात संदेशांचा भार एकाएकी वाढला, स्विचांचे आपसातील बोलणे वेळेवर पोहोचेना, निजलेल्या केबली नको तेव्हा जाग्या झाल्या आणि कडी तयार झाली. सुमारे चार दिवस त्या मोठ्या रुग्णालयाला कागदावर कारभार चालवावा लागला. तपासण्यांचे निकाल माणसांनी हातोहात पोहोचविले, आणि अनेक तरुण डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठ्या हाताने लिहिण्याचा अनुभव प्रथमच घेतला. त्या संकटाची कैफियत रुग्णालयाने लपविली नाही, उघडपणे सर्वांसमोर मांडली, याबद्दल मला त्या संस्थेविषयी फार आदर वाटतो. वाटेत किती स्विच आहेत हे मोजणे यंत्राने काढलेल्या नकाशावर क्षणाचे काम आहे. नकाशाच नसला, तर ते अरिष्ट आल्यावरच मोजले जाते.

यंत्राने काढलेल्या नकाशाला सर्व काही दिसते असेही नाही. दोन जोडण्या आहेत एवढे त्याला दिसते. त्या दोन्ही एकाच चरातून गेल्या आहेत, हे दिसत नाही. २००८ च्या जानेवारीअखेर भूमध्य समुद्रात ईजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन निरनिराळ्या केबली एकाच दिवशी तुटल्या आणि मुंबईपासून साऱ्या भारतातले इंटरनेट मंदावले, तेव्हा कागदोपत्री वेगळ्या असलेल्या त्या दोन वाटा एकाच किनाऱ्याजवळून जात होत्या ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. तेवढ्यापुरते माणसाचे प्रत्यक्ष अद्याप सुटलेले नाही.

नकाशा एकदा काढून भागत नाही, हे तर आमच्या भिंतीवरच्या पाकिटाने शिकविलेच होते. चांगला कार्यक्रम तो दर काही मिनिटांनी नव्याने काढतो, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग नकाशापेक्षा फेरफारात आहे: काल जी रेघ नव्हती ती आज आली, सकाळी जी होती ती दुपारी गेली. केबल चुकीच्या खोबणीत शिरल्याची वार्ता तिथल्या माणसाने हात झटकायच्या आत आपल्यापाशी येते. साहजिकच असा नकाशा कुलपात ठेवण्याची वस्तू आहे, कारण घराच्या आतल्या वाटा चोरालाही तितक्याच उपयोगी. स्विचांना दप्तर वाचून दाखविण्याचा जो परवलीचा शब्द कारखान्यातून ‘पब्लिक’ असा येई, तो न बदलता तसाच चालू ठेवलेली जाळी मी पाहिली आहेत, आणि तेवढ्या एका आळसाने सारे कुलूप व्यर्थ होते.

आमच्या संस्थेत हा कार्यक्रम पहिल्यांदा चालविला त्या दिवशी पडद्यावर एकेक चौकोन उमटत गेला, प्रत्येकात स्विचचे नाव, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सर्व ओळखीचे होते. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या परीक्षा विभागाच्या एका तोंडापाशी कार्यक्रमाने एक रिकामे, बिननावाचे वर्तुळ काढले होते, आणि त्यातून सहा रेघा फुटून सहा यंत्रांकडे गेल्या होत्या. आम्ही शिडी घेऊन गेलो. छताचा एक तक्ता सरकवला, टॉर्च आत धरली, तर तुळईला सुतळीने घट्ट बांधलेला, वीतभर लांबीचा, आठ तोंडांचा एक स्विच धुळीच्या थराखाली सापडला. धुळीतूनही त्याचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसत होते. त्या संध्याकाळी वायरमनकाकांना वाईला फोन लावला. ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"तो होय? परीक्षेच्या घाईत मीच बसवला होता, साहेब, दोन दिवसांपुरता. अजून चालू आहे?"

मी म्हटले, "चालू आहे, काका."